पन्हाळ्यावर आभाळ स्वच्छ, तरी शनी थरथरतो. मग १२ इंची दुर्बीण कशाला?

रंकाळ्याचा रिकामटेकडा: आमच्या ग्रुपात ८ इंची दुर्बीण विकून १२ इंची घ्यायचं घाटतंय. माझा विरोध. ८ इंची आरसा हिशेबाने ०.५७ विकलेपर्यंतचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) तपशील दाखवतो, १२ इंची ०.३८. पण आपल्याकडची हवा एका विकलेच्या आत काही ठरू देईल तर ना! वर गरम-गार हवा घुसळत असते, प्रकाश जरा जरा वाकत राहतो. परवा पन्हाळ्यावर शनी बघितला, उकळत्या पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखा. वर्गणी कशाला वाया घालवायची?

दूधकट्टा: सगळे शनीच बघतात काय? १२ इंचीत सव्वादोन पट प्रकाश येतो. तेजोमेघांना तोच लागतो.

रिकामटेकडा: तेजोमेघांना गावातले लाइट नडतात. शिवाय हंगामात पाचट पेटलं की संपलंच.

पेठेतली गच्ची: भावा, त्या रात्री वारं किती होतं? "तारे काय लुकलुकतायत!" म्हणून तूच ग्रुपवर टाकलं होतंस. लुकलुकतात म्हणजेच वरची हवा खवळलेली. स्वच्छ आभाळ वेगळं, स्थिर आभाळ वेगळं. जानेवारीत नदीकडून धुकं चढतं, तारे मिणमिणतात आणि नेमके तेव्हाच माझ्या गच्चीवरून गुरूचे पट्टे कोरल्यासारखे दिसलेत. मात्र बारानंतर. त्याआधी तापलेला स्लॅब वाफा सोडत असतो. आणि शनी उगवून किती वेळ झाला होता?

रिकामटेकडा: तासभर. दुर्बीण गाडीतून काढली आणि लावली.

पेठेतली गच्ची: झालं! तासाभरात शनी १४ अंशांवर. तिथून डोक्यावरच्यापेक्षा चौपट हवेतून बघतोयस. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीचे किरण धुरक्याने क्षीण होतात, तेव्हा गाभाऱ्यापर्यंत पोचतील का म्हणून सगळं गाव हळहळतं, आणि दुर्बिणीपाशी आलं की विसरतं. आपण १६.७ अंश अक्षांशावर, शनी मध्यावर आला की निदान ५० अंश वर असतो. थांबायचं. आरसाही गार होऊ द्यायचा. १२ इंचीला तर जास्तच वेळ लागेल, ते मात्र तुझ्या बाजूने.

सायबर कट्टा: कशाला हा खटाटोप? हबल दुर्बीण १९९० पासून अवकाशात आहे, आता वेब दुर्बीणही. जमिनीवरून बघायचे दिवस गेले.

दूधकट्टा: हबलचा आरसा २.४ मीटरचा, हवाई बेटांवरच्या केक दुर्बिणीचा १० मीटरचा. तिथे लेसरने आभाळात खोटा तारा उभा करतात, त्याची थरथर मोजून एक छोटा आरसा सेकंदाला शेकडो वेळा वाकवून ती पुसून टाकतात. आपली लडाखमधली हान्लेची दुर्बीण ४५०० मीटरवर नेली ती उगीच नाही. हां, क्ष-किरण जमिनीपर्यंत येतच नाहीत, त्यासाठी २०१५ साली आपला ॲस्ट्रोसॅट उपग्रह वर पाठवावाच लागला.

रिकामटेकडा: शनिवारी रात्री साडेबाराला, गच्चीवर, ८ इंचीच. शनीच्या कड्यांमधली काळी फट दिसली तर विरोध मागे. पण १२ इंची तिसऱ्या मजल्यावर चढवायला मी येणार नाही.