टाचेचे हाड आणि लहान छेद

शिडीवरून पडून टाच मोडलेल्या आपल्या बंधूंवर लहान छेदाची शस्त्रक्रिया केल्यास ते लवकर चालू लागतील का, असे आपण विचारले आहे. छेद लहान असला तरी हाड जुळण्याचा काळ तोच राहतो आणि पायावर पूर्ण भार द्यायला बहुधा 10 ते 12 आठवडे लागतातच. खरा फायदा जखमेचा आहे. टाचेच्या बाहेरच्या बाजूची त्वचा पातळ असून तिच्याखाली मांस जवळजवळ नसतेच, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या ‘एल’ आकाराच्या छेदात नेमकी कोपऱ्यावरची त्वचा काळी पडणे, टाके उसवणे, जंतुसंसर्ग होणे असे प्रकार बरेच घडत. आता बाहेरच्या घोट्याखाली 3-4 सेंटिमीटरचा छेद घेऊन, खचलेला सांध्याचा पृष्ठभाग प्रत्यक्ष पाहत वर उचलतात आणि स्क्रू किंवा छोटी प्लेट बसवतात. मधुमेही आणि धूम्रपान करणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत (विडी बंद करणे हा खरे तर उपचाराचाच भाग आहे) हा फरक विशेष जाणवतो.

मात्र साधारण दोन आठवडे उलटले की तुकडे चिकटू लागतात आणि लहान छेदातून ते हलवणे कठीण होते. अतिशय चुरा झालेल्या हाडालाही ही पद्धत पुरेलच असे नाही. म्हणून सीटी स्कॅन आवश्यक आहे. एक्स-रेवर एरवी 20 ते 40 अंश असणारा बोलरचा कोन (टाचेचे हाड किती खचले आहे हे दाखवणारे माप) किती उरला आहे, हेही डॉक्टरांना विचारावे. बंधू उंचावरून पडले असल्याने कमरेच्या मणक्यांची तपासणी राहून गेलेली नाही ना, हे आजच पाहावे.