स्वस्त स्कँडिनेव्हियन चाकू: स्टेनलेस घ्यावा की कार्बन पोलादाचा?

चोरल_भटकंती (इंदूर):
नमस्कार. पावसाळ्यात जानापाव, चोरल, पातालपाणी या बाजूला आमचा गट नेहमी जातो आणि एरवी मी घरी लाकडाचे चमचे, पळ्या असे काही कोरत असतो. दोन्ही कामांना चालेल असा, पाते मुठीत न मिटणारा, स्कँडिनेव्हियन धाटणीचा चाकू घेण्याचा विचार आहे. स्वीडनच्या मोराक्निव्हचा ‘कम्पॅनियन’ बहुतेक जण सुचवतात, पण तो स्टेनलेस आणि कार्बन पोलाद अशा दोन्ही प्रकारांत येतो, शिवाय ‘हेवी ड्यूटी’ नावाचा जाड पात्याचा प्रकार वेगळाच. खर्चाची मर्यादा अडीच हजार रुपये आहे. जाणकारांनी मत द्यावे.

लाकूडकाम_रामबाग:
पोलादाच्या आधी पात्याचा उतार, म्हणजे धारेकडे निमुळता होत जाणारा भाग, समजून घ्यावा. आपल्या घरच्या सुरीला मुख्य उताराच्या टोकाशी धारेसाठी आणखी एक बारीक उतार दिलेला असतो. स्कँडिनेव्हियन चाकूंत एकच सपाट, रुंद उतार थेट धारेपर्यंत जातो. तो लाकडावर टेकवला की पाते किती खोल जाणार हे हाताला लगेच कळते, आणि धार लावतानाही तोच उतार दगडावर सपाट ठेवायचा असल्याने कोन अंदाजाने धरावा लागत नाही. उतारावर मार्करने शाई फासून दगडावर चार हात फिरवावेत. शाई जिथे उरली, तिथे दगड पोहोचलेला नाही.

अशी बारीक धार दुखावतेही लवकर. वाळलेल्या सागात किंवा बांबूच्या पेरात पाते पिरगाळले की ती दुमडते किंवा तिचा कण उडतो, म्हणून कोरण्यासाठी लाकूड ओलसरच घ्यावे. साध्या कम्पॅनियनचे पाते सुमारे 10 सेंटिमीटर लांब आणि अडीच मिलिमीटर जाड असते, तर हेवी ड्यूटीचे 3.2 मिलिमीटर. जाड पाते लाकूड फोडायला बरे, पण कोरताना ते पाचरीसारखे अडते आणि साल नीट निघत नाही. आपल्याला साधाच घ्यावा. चमच्याची खोलगट वाटी मात्र सरळ पात्याने होणार नाही. त्यासाठी वाकड्या पात्याचा वेगळा चाकू लागेल, हे खर्चात धरावे.

माळव्याची_ताई:
दादा, पावसात न्यायचा असेल तर डोळे झाकून स्टेनलेस घ्या. स्टेनलेस कम्पॅनियनमध्ये स्वीडनचे 12सी27 हे पोलाद वापरतात. ते गंज बऱ्यापैकी रोखते आणि साध्या दगडावरही धार घेते. कार्बन पोलादाला धार लवकर येते हे खरे, पण कैरी किंवा लिंबू कापले की पाते काळवंडते, आणि ओले म्यानात राहिले तर सकाळी गंजाचे ठिपके दिसतात. घरी कोरायलाच हवा असता, तर मी कार्बन सुचवला असता. पात्याला तेलाचा हात फिरवण्याचा कंटाळा नसेल तर तो उत्तमच आहे.

सियागंज_हत्यारे:
वरील दोन्ही मतांशी सहमत. कम्पॅनियनच्या पात्याची मुठीत शिरणारी शेपटी मुठीच्या शेवटापर्यंत जात नाही, त्यामुळे पात्याच्या पाठीवर दांडक्याने ठोकून जाड ओंडके फोडू नयेत. स्वीडनमध्ये हा कारागिरांचा रोजचा स्वस्त चाकू आहे. इथे आयातीच्या खर्चाने किंमत चढते, म्हणून नुसते दिसायला तसे असणारे स्वस्त चाकूही पुष्कळ विकले जातात. घेताना उतार दोन्ही बाजूंनी सारखा आणि सपाट आहे ना, हे उजेडात धरून पाहावे.

आणखी एक. मध्य प्रदेशात सार्वजनिक जागी 6 इंचांपेक्षा लांब पात्याचे हत्यार बाळगणे गुन्हा ठरू शकते. हे पाते 4 इंचांच्या आसपासचे आहे, तरी शहरातून जाताना ते कमरेला न लावता पिशवीच्या तळाशी ठेवावे. पोलिसांनी तपासणीत विचारलेच तर उत्तर देणे सोपे जाते.

धार लावायला गल्लीत चाक घेऊन येणाऱ्याकडे हा चाकू देऊ नका. गोल चाकावर सपाट उतार खोलगट होतो आणि पाणी न लावता घासले तर धारेचे पोलाद तापून मऊ पडते. एका बाजूने भरड आणि दुसऱ्या बाजूने बारीक कणांचा कार्बोरंडमचा दगड इंदूरच्या सियागंज बाजारात सहज मिळतो, तोच चाकूबरोबर घ्यावा.