कोनी आयलंडचे अ‍ॅस्ट्रोलँड नेमके कशामुळे बंद पडले?

प्रश्न : सागरतीर
न्यू यॉर्कमधील ब्रुकलिनच्या किनाऱ्यावर अल्बर्ट कुटुंबाने १९६२ साली सुरू केलेले अ‍ॅस्ट्रोलँड हे उद्यान ७ सप्टेंबर २००८ रोजी कायमचे बंद झाले. उन्हाळ्यात जेथे एवढी गर्दी लोटते, तेथे असे उद्यान का टिकू नये? राइड्स जुन्या झाल्या होत्या, की कुटुंबाला तो व्याप झेपेनासा झाला? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद : अनुराधा_क
मूळ कारण जमिनीचे आहे. अल्बर्ट कुटुंबाने २००६ साली उद्यानाची जागा थॉर इक्विटीज या विकासक कंपनीला विकली आणि त्यानंतर त्याच जागेवर भाडेपट्ट्याने उद्यान चालवले. २००७ चा हंगाम अखेरचा ठरणार असे वाटत असताना एका वर्षाची मुदत वाढवून मिळाली. पुढचा करार मात्र झाला नाही. अशा हंगामी व्यवसायात दुरुस्ती, तपासणी आणि कामगारांची नेमणूक उन्हाळ्याच्या कितीतरी आधी ठरवावी लागते. पुढच्या वर्षी पायाखालची जागा राहील की नाही हेच ठाऊक नसेल, तर नव्या राइडमध्ये पैसा कोण घालणार?

प्रतिसाद : जुना वाचक
अनुराधाताईंशी सहमत आहे. परंतु जागा विकण्याचा निर्णय कुटुंबाचाच होता, हेही नोंदवले पाहिजे. शेजारचा वंडर व्हील हा १९२० सालचा आकाशपाळणा व्हूर्देरिस कुटुंबाने १९८३ साली विकत घेतला आणि तो आजही त्याच कुटुंबाकडे आहे. थोडे अवांतर : अ‍ॅस्ट्रोलँड १९७५ पासून चालवत असलेला सायक्लोन हा १९२७ सालचा लाकडी रोलर कोस्टर वाचला, कारण तो शहराच्या मालकीचा होता आणि १९८८ साली त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला होता. कायद्याने लाकडी सांगाडा वाचवला, पण तो इतकी वर्षे निगुतीने चालवणाऱ्या कुटुंबाच्या व्यवसायाला काहीच आधार दिला नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रतिसाद : अनुराधा_क
आपला मुद्दा मान्य आहे. शहराने २००९ साली थॉरकडून तेथील बरीच जमीन विकत घेतली आणि २०१० साली अ‍ॅस्ट्रोलँडच्याच जागेवर लूना पार्क सुरू झाले. म्हणजे ती जागा करमणुकीसाठी राखता येत होती. माझ्या मते हीच खरेदी शहराने तीन वर्षे आधी करून जागा अल्बर्ट कुटुंबाला दीर्घ मुदतीने दिली असती, तर अ‍ॅस्ट्रोलँड बंद करण्याची वेळ आली नसती.