दमा असलेल्या मुलीला खो-खो खेळू द्यायचं आहे, शाळेत पंपाची सोय कशी करता?

नमस्कार मंडळी,

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. मुलगी सहावीत आहे, तिला लहानपणापासून दमा आहे. बुडेसोनाइडचा पंप (दमा आटोक्यात ठेवणारा) सकाळ-संध्याकाळ सुरू आहे, सालब्युटामॉलचा निळा पंप (धाप लगेच कमी करणारा) लागेल तेव्हा. सध्या तब्येत आटोक्यात आहे, रात्री झोप चांगली लागते.

तिला खो-खोचं वेड आहे आणि पळते पण छान. पण सरांनी तिला बाजूला बसवलंय. "काही झालं तर जबाबदारी कोणाची?" घरी सासूबाईंचंही तेच, "दम्याच्या पोरीले कायले पयवता?" दोघांचीही काळजी खरी आहे, म्हणून राग येत नाही. पण पोरगी मैदानाच्या कडेला बसून राहते, ते बघवत नाही.

डॉक्टर स्पष्ट म्हणाले, खेळ बंद करू नका, दमा आटोक्यात असलेल्या मुलांनी खेळलंच पाहिजे. खेळायच्या पंधरा मिनिटं आधी निळा पंप स्पेसर (औषध नीट ओढता यावं म्हणून पंपाला लावायची नळी) लावून घ्यायचा, मग दहा-पंधरा मिनिटं हळूहळू अंग गरम करायचं. एकसारखं लांब पळण्यापेक्षा थांबून-थांबून पळायचे खेळ अशा मुलांना जास्त झेपतात. खो-खोत पाटीवर बसायला मिळतं, तेवढा दम खाता येतो.

आणखी एक गोष्ट सरांना कशी पटवून द्यावी कळत नाही. तिला त्रास बहुतेक वेळा पळताना होत नाही, थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी होतो. आधी कोरडा खोकला, मग गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जातो. सरांना वाटतं, खेळताना तर ठणठणीत होती, आता नाटक करते.

सराव सकाळी सातला असतो. डिसेंबरातली कोरडी थंडी, त्यात मैदानाला लागूनच वावर. धुऱ्यावर (बांधावर) पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, पेटवली की सगळा धूर मैदानावर येतो. थंड कोरडी हवा आणि धूर, दोन्ही तिला बाधतात. संध्याकाळी उशिरा घरोघरी चुली पेटतात, मग धूर खालीच तरंगत राहतो. मला दुपारी चारची वेळ बरी वाटते. तुमच्याकडे कोणी शाळेला वेळ बदलायला लावली आहे का?

पंप शाळेत कोणाजवळ ठेवता? कपाटाला कुलूप असलं आणि चावी मुख्याध्यापकांकडे, तर ऐनवेळी काय उपयोग? मुलीच्याच दप्तरात ठेवू दिला तर चालतं का, की हरवतो? डॉक्टरांकडून शाळेच्या नावाने चिठ्ठी आणली तर सर ऐकतात का? त्या चिठ्ठीत नेमकं काय लिहून घेतलं होतं, तेही सांगा. धाप लागली तर कोणता पंप, किती वेळा, आणि दवाखान्यात कधी न्यायचं, एवढं तरी त्यात असावं असं मला वाटतं. तालुक्याचा दवाखाना आमच्यापासून लांब आहे.

ज्यांची मुलं दमा असून शाळेच्या चमूत खेळतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. पुढच्या महिन्यात केंद्रस्तरीय स्पर्धा आहेत, त्याआधी सरांशी बोलायचं आहे.