काळ्या दगडावर चकाकी येत नाही, मदत हवी आहे

दगडवेडा: नमस्कार. छिन्नी आणि कानस वापरून हाताने कोरलेल्या कमळावर मी गेले दोन रविवार वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचा खरखरीत कागद) घासतो आहे. १२०० या बारीक नंबरपर्यंत पोहोचलो, तरी चकाकी नाही. ओले असताना ते काळेभोर दिसते आणि वाळले की राखाडी पडून त्यावर पांढरे ओरखडे उमटतात. शनिवारी भेट द्यायचे आहे, कृपया लवकर सांगावे.

जुना कातळ: दगड कोणता, ते आपण लिहिलेलेच नाही.

दगडवेडा: काळा, असे शीर्षकातच आहे. घरचा ओटा बदलला तेव्हा उरलेला तुकडा आहे.

गिरगावकर: टिन ऑक्साइडची पूड ओल्या नमद्यावर (दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडावर) घेऊन घासा. माझी संगमरवरी पाटी त्यानेच उजळली.

जुना कातळ: आधी दगड ओळखू द्या. कडप्पा असेल तर तो चुनखडीचा आणि मऊ, ग्रॅनाइट असेल तर कितीतरी कठीण. तळाशी खरवडून त्या भुकटीवर लिंबाचे दोन थेंब टाका. बुडबुडे आले, तर कडप्पा समजा. पेपर कोणत्या क्रमाने वापरले, तेही सांगा.

मालाडकरीण: मुंबईत राहून ओट्याचे तुकडे कशाला कोरता? राजाबाई टॉवर कुर्ल्याच्या दगडाचा आहे आणि घारापुरीची लेणी बेसॉल्टमध्ये खोदलेली आहेत.

गिरगावकर: ताई, घारापुरीच्या त्रिमूर्तीला कोणी वॉटर पेपर लावला नव्हता.

दगडवेडा: बुडबुडे आले. दुकानात मधले नंबर नसल्याने १२० या जाड नंबरनंतर थेट ६०० घेतला होता.

जुना कातळ: तिथेच घोटाळा झाला. १२० नंबरचे खोल ओरखडे ६०० ने निघत नाहीत. त्यांत पाणी भरलेले असते तोवर ते लपतात आणि वाळल्यावर त्यांवरून उजेड विखुरला की दगड राखाडी भासतो. २२० पासून पुन्हा सुरुवात करून ४००, ६००, ८०० असे चढत जा, दर पेपरला घासण्याची दिशा बदला आणि मध्ये दगड व हात धुवा, कारण मागचा एखादा जाड कण राहिला तरी नवा ओरखडा पडतो. पाकळ्यांच्या खाचांसाठी पेपर आइसक्रीमच्या काडीला गुंडाळा. पूड त्यानंतर.

वाशीचा प्रवासी: मास्क लावता ना? दगडाची धूळ छातीत बसते.

जुना कातळ: कोरताना अवश्य लावावा, वॉटर पेपर मात्र पाण्यातच घासतात.

दगडवेडा: दोन पाकळ्या २२० पासून केल्या, वाळल्यावरही काळ्या राहिल्या. अजून अकरा उरल्या आहेत, त्यामुळे भेट पुढच्या शनिवारी देईन.