स्वतः त्यातून गेलेला समुपदेशक

‘व्यसनमुक्तीच्या समुपदेशकानं स्वतः व्यसन भोगलेलं असावंच का?’ हा प्रश्न वाचून पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आठवलं. १९८६ साली ते सुरू झालं, त्यामागे डॉ. अनिता अवचट. त्या मनोविकारतज्ज्ञ, येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम केलेल्या. स्वतः व्यसनी नव्हेत. पण तिथं व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढे समुपदेशक झाली. डॉक्टरला थापा मारता येतात हो, जुन्या पिणाऱ्याला नाही! शिवाय व्यसनी माणसांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट, म्हणजे घरच्यांचंही ऐकून घेणारं कुणीतरी. डॉक्टर आणि त्यातून गेलेला माणूस, ही जोडी मला जास्त पटते. नुसता अनुभव पुरत नाही. ‘मी सोडली, तुला का जमत नाही?’ असं ऐकवणारा एक जण आमच्या भाऊजींना दुसरीकडे भेटला. दोन बैठकांनंतर त्यांनी जाणंच सोडलं.