मेटा डिस्क्रिप्शन: ‘वर्णन’ म्हणावं की ‘ओळख’?

प्रश्न:
छायाचित्रांच्या एका मोठ्या संकेतस्थळासाठी कामाची मार्गदर्शिका मराठीत लिहितो आहे. मूळ मसुद्यात मेटा डिस्क्रिप्शन (पानाच्या कोडमध्ये लिहिलेला त्या पानाविषयीचा छोटा मजकूर), ऑल्ट टेक्स्ट (चित्र दिसत नसेल तेव्हा त्याच्या जागी येणारा मजकूर) आणि कॅप्शन (चित्राखालची ओळ) अशा तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत आमच्याकडून तिन्हींचं ‘वर्णन’ झालं. आता माहिती भरणारी मंडळी एकच वाक्य तिन्ही रकान्यांत चिकटवतात. मेटा डिस्क्रिप्शनला नेमका शब्द कोणता? त्याने शोधात पान वर येतं म्हणतात, तो अर्थही शब्दात यायला हवा का?

उत्तर:
तो अर्थ मुळीच आणू नका. पानांचा क्रम लावताना आपण मेटा डिस्क्रिप्शन विचारात घेत नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच सांगितलं आहे. त्याचं काम निराळं आहे. शोधाच्या निकालात शीर्षकाखाली दोन ओळी दिसतात, तिथे हा मजकूर येऊ शकतो, आणि तो वाचून माणूस ठरवतो की पान उघडायचं की पुढे जायचं. म्हणजे हा मजकूर यंत्रासाठी नसून दारात उभ्या असलेल्या वाचकासाठी आहे.

आता शब्दाकडे येऊ. ‘वर्णन’ मला फार आवडतो. ‘वर्ण्’ या धातूत रंगवणं आणि शब्दांत मांडणं हे दोन्ही अर्थ आहेत. बेपत्ता व्यक्तीच्या सूचनेत ‘वर्णन’ असं लिहून पुढे उंची, बांधा, रंग, अंगावरचे कपडे येतात. जे डोळ्यांना दिसतं ते, त्यात आपलं मत नाही. हा अर्थ ऑल्ट टेक्स्टला तंतोतंत बसतो, कारण ज्याला चित्र दिसत नाही त्याला ते शब्दांनी दाखवायचं असतं. म्हणून ‘वर्णन’ तिथेच राहू द्या. कॅप्शनसाठी वृत्तपत्रांतला ‘फोटोओळ’ हा शब्द तयारच आहे. मेटा डिस्क्रिप्शनला मी ‘पानाची ओळख’ म्हणेन. आपण दोन माणसांची ओळख करून देतो तेव्हा समोरच्याचं नाक-डोळे सांगत नाही. तो कोण आणि त्याच्याशी आपलं काय काम पडेल ते सांगतो.

एक चित्र घेऊन पाहा. वाळक्या फांदीवर खंड्या बसलाय, चोचीत मासा.

वर्णन: ‘वाळक्या फांदीवर बसलेला खंड्या, चोचीत आडवा धरलेला मासा.’

पानाची ओळख: ‘मासा पकडलेल्या खंड्याचं आडवं छायाचित्र. उजवीकडे मोकळी हिरवी पार्श्वभूमी, मजकुरासाठी सोयीची. उपलब्ध आकार आणि वापराच्या अटी या पानावर.’

दुसऱ्या मजकुरात चित्र शोधणाऱ्याच्या गरजा आल्या. पुस्तकाचं मुखपृष्ठ करणाऱ्याला ती मोकळी जागाच हवी असते.

दुसरं मत:
‘गोषवारा’ का नको? रुळलेला शब्द आहे.

उत्तर:
लेखाच्या पानाला चालेल. पण गोषवाऱ्याला आधी लांबलचक मजकूर लागतो आणि चित्राच्या पानावर तो नसतोच. खरी अडचण तीच आहे. आपण दिलेली ओळख गूगल नेहमी वापरतं असं नाही. पुष्कळदा ते पानातलाच मजकूर उचलतं. त्या उचललेल्या तुकड्याला, म्हणजे स्निपेटला, ‘कात्रण’ म्हणावं असं मला वाटतं. लिहिली ती ओळख, दिसलं ते कात्रण, हा भेद शब्दांतच स्पष्ट होतो. चित्राच्या पानावर कापायला कापडच कमी, म्हणून तिथे ओळखीला जास्त किंमत.

लांबीबद्दलही सांगतो, कारण तिथेही शब्दच घोटाळा करतो. ‘१६० अक्षरं’ असा नियम लोक सांगतात. गूगलने अशी मर्यादा घातलेली नाही. मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे कापला जातो. डिसेंबर २०१७ च्या सुमारास कात्रणं लांब झाली होती, मे २०१८ पर्यंत पुन्हा आखडली. शिवाय कॅरेक्टर म्हणजे अक्षर नव्हे. ‘स्त्री’ हे आपल्याला एकच अक्षर, संगणकाच्या मोजणीत मात्र सहा चिन्हं: तीन व्यंजनं, दोन हलन्त, एक वेलांटी. मार्गदर्शिकेत ‘चिन्हं’ लिहा आणि महत्त्वाचं ते आधी येऊ द्या.

प्रश्न:
पण आमच्याकडे लाखो चित्रं आहेत. प्रत्येकाची ओळख हाताने कोण लिहिणार?

उत्तर:
कोणीच नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. मोठ्या संकेतस्थळांनी ही ओळख यंत्राकडून तयार करून घ्यावी, असं गूगलचं मार्गदर्शनच सांगतं. फक्त ती वाचता येण्याजोगी आणि पानापानाला वेगळी हवी. त्यासाठी साचा करतात: विषय, कृती, ठिकाण, आडवं-उभं, आकार. इथे ‘साचा’ आणि ‘साचेबंद’ यांतलं अंतर सांभाळावं लागतं. ‘उच्च दर्जाचे सुंदर छायाचित्र, आत्ताच डाउनलोड करा’ ही ओळ चारशे पानांवर असेल तर तिने एकाही पानाची ओळख होत नाही. त्यापेक्षा रकाना रिकामा ठेवलेला बरा.

साच्यातला रिकामा रकानाही तपासा. ठिकाण भरलेलं नसेल तर ‘ येथे टिपलेले’ असं लोंबकळतं वाक्य उमटतं. मराठीत तर विभक्तीही आडवी येते: ‘खंड्या’ला ‘चे’ लावला की ‘खंड्याचे’ सहज होतं, पण ‘घोडा’ला तोच ‘चे’ जोडला की ‘घोडाचे’ छापलं जातं. म्हणून साच्यातली वाक्यं अशी रचा की नाम मूळ रूपातच राहील: ‘विषय: घोडा. आडवं छायाचित्र.’ संकेतस्थळाचं पहिलं पान, मुख्य विभाग आणि सर्वाधिक पाहिली जाणारी पानं यांची ओळख मात्र माणसानेच लिहावी.

आणि चित्रशोधात वर यायचं असेल तर कष्ट दुसरीकडे घ्या: वर्णन, फोटोओळ, फाइलीचं नाव, चित्राशेजारचा मजकूर.

प्रश्नकर्ता:
रकान्यांची नावं आजच बदलली: ‘चित्रात काय दिसतं’, ‘फोटोओळ’, ‘पानाची ओळख’. ‘घोडाचे’ आमच्याकडे खरोखरच होतं. साचा दुरुस्त करायला घेतला आहे.